परवडणारे विवाह समुपदेशन : सोलापुरात कोठे आणि कशासाठी जावे?

या महिन्यात सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. संसारात अडचण आली आहे, कोणा जाणत्या माणसाचा सल्ला हवा आहे आणि त्यासाठी खर्च करण्याइतके पैसे हाताशी नाहीत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ही पत्रे थोडक्यात देत आहे.

प्रश्न १ : आमच्या लग्नाला ९ वर्षे झाली, दोन मुले आहेत. पती अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने काम करतात, मी घरी शिलाई करते. दोघांचे मिळून महिन्याला साधारण २२ हजार रुपये येतात. सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढले, तेव्हापासून पैशांवरून वाद होतात आणि वाद झाला की पती चार-चार दिवस बोलत नाहीत. मारहाण नाही, व्यसन नाही. नातेवाइकांनी दोनदा बैठक घेतली, त्यानंतर तर जास्तच बिनसले. शहरातील एका समुपदेशकांनी एका भेटीचे १,००० रुपये आणि किमान १० भेटी लागतील असे सांगितले. पती यायला तयार आहेत, पण एवढे पैसे कोठून आणणार? घरात आम्ही तेलुगू बोलतो, याचीही अडचण होईल का?

उत्तर : तुमच्या घरात मारहाण नाही, व्यसन नाही, आणि पती समुपदेशनाला यायला स्वतःहून तयार आहेत. समुपदेशनाचा सर्वांत चांगला उपयोग होतो तो अशाच जोडप्यांना, आणि नेमकी अशीच जोडपी खर्चाच्या आकड्याला घाबरून मागे फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून आधी हे सांगते की १० भेटींचे १०,००० रुपये हा एकच मार्ग तुमच्यापुढे नाही.

विनामूल्य किंवा अल्प खर्चाच्या सोयी सोलापुरात आहेत, मात्र प्रत्येक सोय वेगळ्या कामासाठी उभी केलेली आहे आणि ते काम कोणते हे माहीत नसले की माणसे चुकीच्या ठिकाणी जाऊन निराश होऊन परततात. सिव्हिलचेच उदाहरण घ्या. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून तेथे मानसोपचार विभाग आहे. दोघांपैकी कोणाची झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर पहिली भेट तेथेच द्यावी, कारण नैराश्यावर उपचार न करता संसाराची बोलणी करत बसणे व्यर्थ ठरते. पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत नवरा-बायकोला दर आठवड्याला तासभर बसवून बोलते करणे हे त्या विभागाचे मुख्य काम नव्हे, ही अपेक्षा ठेवून जाऊ नका.

दूरध्वनीवरची सोय तुम्हाला जवळची वाटेल. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती चोवीस तास चालते आणि तिला शुल्क नाही. तेथे मराठीप्रमाणे तेलुगू आणि कन्नड या भाषाही मिळतात, आणि सोलापूरसारख्या शहरात ही गोष्ट फार मोलाची आहे. माणूस ज्या भाषेत भांडतो त्याच भाषेत त्याला आपले दुःख नीट सांगता येते. परक्या भाषेत तो फक्त तक्रार मांडतो. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही दूरध्वनी सेवाही विनामूल्य असून नातेसंबंधातील प्रश्नांवर तेथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. मनाचा गुंता मोकळा करायला आणि पुढे काय करावे हे ठरवायला या दोन्ही सेवा उपयोगी पडतात. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून घेतलेल्या भेटीची जागा मात्र या सेवा घेतील असे नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा आहे की खासगी समुपदेशकाकडेच जावे, पण अटी ठरवून जावे. शुल्क कमी करण्याविषयी विचारण्यात कमीपणा नाही. उत्पन्न पाहून शुल्क ठरवणारे समुपदेशक असतात, फक्त ते फलकावर लिहिलेले नसते. विचारताना सरळ सांगावे की आमचे उत्पन्न इतके आहे, एका भेटीला आम्ही इतकेच देऊ शकतो, आणि भेटी दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी ठेवता येतील का. समजा ६०० रुपयांत चार भेटी ठरल्या आणि त्या तीन महिन्यांत झाल्या, तर एकूण खर्च २,४०० रुपये होईल, म्हणजे महिन्याला ८०० रुपये. चार भेटींनंतर फरक पडला की नाही, हे तिघांनी मिळून पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे. पहिल्याच भेटीत १० भेटींचे पैसे आगाऊ मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. याशिवाय समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांत व विद्यापीठात एकदा चौकशी करून पाहावी. जेथे शिकणारे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली समुपदेशन करतात, तेथे शुल्क नसते किंवा अगदी थोडे असते.

समुपदेशक निवडताना एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. आपल्याकडे ‘समुपदेशक’ असा फलक लावणाऱ्या प्रत्येकाचे शिक्षण तेवढे असतेच असे नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. तेव्हा कोणत्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झाले आहे, जोडप्यांसोबत काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, नोंदणी आहे का आणि येथे बोललेले तुम्ही कोणाला सांगाल का, असे प्रश्न फोनवरच विचारावेत. उत्तर द्यायला जो रागावतो त्याच्याकडे जाऊ नये. सात दिवसांत जोडीदार ताब्यात आणून देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर तर एक रुपयाही घालवू नये. कर्ज फेडणाऱ्या घरांतून असे पैसे उकळले गेलेले मी पाहिले आहेत आणि त्याची चीड येते.

नातेवाइकांच्या बैठकीने बिघडले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. बैठकीत वडीलधारी मंडळी न्याय करतात. चूक कोणाची हे ठरते, एकाने मान खाली घालायची असते, आणि घरी परतल्यावर मान खाली घातलेला माणूस तो अपमान विसरत नाही. समुपदेशक चूक कोणाची हे ठरवत नाही. तुमच्या दोघांमध्ये वाद सुरू कसा होतो, तो वाढतो कसा आणि थांबतो कसा, हे तो तुम्हालाच पाहायला लावतो. तुमच्या पत्रावरून मला जे दिसते ते असे की कर्जाचा विषय निघाला की पतींना आपल्या आईच्या आजारपणाचाच हिशेब मागितला जात आहे असे वाटते, आणि ते गप्प बसले की तुम्हाला आपल्याला घरात किंमत नाही असे वाटते. मी चुकीचीही असेन, पण पहिल्या भेटीत हेच बोलून पाहा.

भेटीची वेळ मिळेपर्यंत दोन गोष्टी घरीच करता येतील आणि त्यांना एक पैसा लागत नाही. पगार हातात येतो त्या दिवशी मुले झोपल्यावर अर्धा तास फक्त पैशांसाठी ठेवावा. कर्जाची मूळ रक्कम, दिलेले हप्ते आणि उरलेली बाकी एका वहीत दोघांच्या हाताने लिहावी. त्या अर्ध्या तासाखेरीज इतर वेळी कर्जाचा विषय काढायचा नाही, असे दोघांनी मान्य करावे. दुसरी गोष्ट अबोल्याविषयी. राग चढला की नाडी वाढते, समोरच्याचे शब्द कानावर पडतात पण डोक्यात शिरत नाहीत, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटे तरी लागतात. त्यामुळे त्या क्षणी गप्प होणे हा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो परत कधी बोलणार हे न सांगता गप्प होणे. ‘आत्ता मला बोलता येणार नाही, रात्रपाळीवरून आल्यावर सकाळी बोलू’ एवढे वाक्य पतींनी म्हणावे आणि सकाळी खरोखरच बोलावे. चार दिवसांचा अबोला एका रात्रीवर आला तरी घरातील हवा बदलेल.

प्रश्न २ : पती समुपदेशनाला येण्यास साफ नकार देतात. ‘मी वेडा नाही’ असे म्हणतात. मी एकटीने जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे. अवश्य जा. दोघांपैकी एकाने आपली वागण्याची पद्धत बदलली तरी दुसऱ्याला जुन्याच पद्धतीने प्रतिसाद देत राहणे अवघड होते, आणि एकटीने घेतलेल्या भेटींत निदान इतके तरी स्पष्ट होते की कोणती गोष्ट आपल्याला चालवून घ्यायची आहे आणि कोणती नाही. त्यातून विवाह टिकेलच, असे आश्वासन मात्र कोणी देऊ शकणार नाही आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पतींना बोलावताना ‘तुमच्यात दोष आहे म्हणून चला’ असा सूर लागला की नकार ठरलेलाच. ‘मला तुमच्याशी नीट बोलता येत नाही, ते मला शिकायचे आहे, एकदा सोबत या’ असे म्हणून पाहा. एकच भेट मागावी. पहिल्या भेटीत समुपदेशकांनी त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, अशी विनंती तुम्ही समुपदेशकांना करू शकता. पुष्कळ पुरुष दुसऱ्या भेटीला येतात ते आपले म्हणणे कोणीतरी मध्येच न तोडता ऐकले म्हणून.

प्रश्न ३ : मी मोहोळ तालुक्यातील शेतकरी आहे. पाच महिन्यांपासून पत्नी ३ वर्षांच्या मुलीला घेऊन बार्शी तालुक्यात माहेरी आहे. आता पोलिसांच्या महिला कक्षातून मला बोलावणे आले आहे. माझ्यावर गुन्हा दाखल झाला का? मी हात कधी उगारलेला नाही, पण आई आणि पत्नीच्या वादात मी आईचीच बाजू घेत आलो, हे खरे आहे. काही जण म्हणतात, आधी नांदायला येण्याचा दावा लावून टाक. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करावे?

उत्तर : बोलावणे आले म्हणजे गुन्हा दाखल झाला, असे नाही. वैवाहिक वादाच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांना प्राथमिक चौकशी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले आहे. महिला कक्षात अर्ज आला की दोन्ही बाजूंना बोलावून ऐकून घेण्याची पद्धत आहे. महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांनी बसून महिला आणि मुलांना साहाय्य करावे, ही कल्पना टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे राज्य शासनाने ती जिल्ह्यांपर्यंत नेली. या ठिकाणी शुल्क नसते. कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

ठरलेल्या दिवशी वेळेवर जा. न जाणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण तुमची गैरहजेरी हेच तुमचे उत्तर समजले जाईल. सोबत एखादे समजूतदार माणूस पुरे. जीप भरून भावकी नेली तर बोलणी होण्याऐवजी बळाचे प्रदर्शन होते आणि पत्नीच्या माहेरची माणसेही मग त्याच तयारीने येतात. तुम्ही पत्रात जे प्रामाणिकपणे लिहिले आहे, की मी आईचीच बाजू घेत आलो, तेच पत्नीसमोर त्याच शब्दांत म्हणा. माझ्या समजुतीने पाच महिने तुमची पत्नी बहुधा हेच एक वाक्य ऐकण्याची वाट पाहत असेल. तेथे काही लेखी समझोता झाला तर तो पूर्ण वाचावा, न कळलेला शब्द विचारावा आणि घाईने सही करू नये. पत्नीवरही सहीसाठी दबाव येऊ देऊ नये, कारण दबावाखाली नांदायला आलेली पत्नी फार दिवस राहत नाही.

नांदायला येण्याचा दावा, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खालचा अर्ज, आत्ता लावू नका असे मी आग्रहाने सांगते. न्यायालयाने तुमच्या बाजूने हुकूमनामा दिला तरी पोलीस जाऊन पत्नीला घरी आणून सोडत नाहीत. कायद्यात त्याची अंमलबजावणी होते ती मालमत्तेवर जप्तीच्या मार्गाने. समन्स हातात पडल्याबरोबर समोरूनही पोटगीचा आणि इतर अर्ज येतात, आणि जे बोलून सुटू शकले असते ते तारखांच्या फेऱ्यांत अडकते. तुम्हाला पत्नी घरी यायला हवी आहे, की तिच्याविरुद्धचा एक कागद हवा आहे, हे आधी स्वतःशी ठरवा.

तुमच्यासाठी योग्य ठिकाण आहे ते विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या कायद्याने उभे राहिलेले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सोलापुरात जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तर तालुक्याच्या न्यायालयांत तालुका विधी सेवा समित्या असतात. त्यामुळे पत्नीला सोयीचे म्हणून बार्शीला अर्ज करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. दावा दाखल न करताही तेथे मध्यस्थीसाठी साधा अर्ज देता येतो. मध्यस्थ दोघांना एकत्र आणि गरज वाटल्यास वेगवेगळेही भेटतात. वैवाहिक वाद मध्यस्थीने सोडवण्याचा प्रयत्न आधी व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये श्रीनिवास राव विरुद्ध दीपा या प्रकरणात बजावले आहे. मध्यस्थीत बोललेले गोपनीय राहते. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही तशी तरतूद आहे. वेगळे राहायचे की एकत्र, आईचा खर्च कोणी कसा करायचा, पत्नीने माहेरी किती वेळा जायचे, स्वयंपाकघर वेगळे असावे का, असे हाताने मोजता येण्याजोगे प्रश्न मध्यस्थीत चांगले सुटतात.

वकिलाच्या खर्चाची काळजीही त्याच कार्यालयात मिटू शकते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे, तेव्हा तुम्ही उत्पन्नाचा दाखला घेऊन जावे. माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

प्रकरण पुढे न्यायालयात गेलेच, तरी समुपदेशनाचा रस्ता बंद होत नाही. कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने स्थापन झाली आणि सोलापुरातही असे न्यायालय आहे. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे तेथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात, त्यांचे वेतन शासन देते, आणि कलम ९ प्रमाणे समेटाची शक्यता दिसली तर न्यायालयाने तसा प्रयत्न करायचाच असतो. मात्र हे समुपदेशक भेटतात ते अर्ज दाखल झाल्यावर. केवळ फुकट समुपदेशन मिळावे म्हणून कोणी घटस्फोटाचा अर्ज दाखल करू नये. हे लिहावे लागते, कारण असा सल्ला देणारे लोक आहेत. तुमचे आणि पत्नीचे गाव शहराबाहेरचे असल्याने तुमचे प्रकरण कोणत्या न्यायालयात चालेल, हेही तालुका समितीतच विचारून घ्यावे. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तेथील न्यायालयातही अर्ज करू शकते, अशी दुरुस्ती २००३ मध्ये झाली आहे.

या सगळ्यात तीन वर्षांच्या मुलीला विसरू नका. तिच्या खर्चासाठी दर महिन्याला जमेल ती रक्कम पत्नीच्या बँक खात्यात आजपासूनच पाठवायला लागा, कोणी आदेश देण्याची वाट पाहू नका. मुलीला भेटण्याची इच्छा असेल तर आधी निरोप पाठवून, पत्नीच्या सोयीच्या वेळी, एकट्याने भेटावे. बोलणी सुरू असताना मुलीला उचलून घरी आणण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

प्रश्न ४ : माझी धाकटी बहीण सोलापूर शहरात राहते. तिचा नवरा दारू पिऊन मारतो. गेल्या महिन्यात तिच्या हाताला प्लास्टर घालावे लागले. आता सासरचे म्हणतात, ‘समुपदेशनाला जाऊ, पण पोलिसांत तक्रार करायची नाही.’ बहीणही तयार आहे. समुपदेशन कोठे स्वस्तात होईल?

उत्तर : आत्ता दोघांचे एकत्र समुपदेशन करू नये. स्वस्तात नाही आणि फुकटही नाही. तुमचे पत्र वाचून मला जितकी काळजी वाटली तितकी इतर तिन्ही पत्रांनी मिळून वाटली नाही, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

एकत्र समुपदेशनात दोघांनी मनातले खरे बोलणे अपेक्षित असते. तुमची बहीण खोलीत खरे बोलली, तर त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. खरे बोलली नाही, तर समुपदेशनाला अर्थ उरणार नाही. शिवाय एकत्र बसवले की मारहाण हा दोघांमधला ‘वाद’ होऊन जातो आणि ‘ती उलट बोलते म्हणून हात उठतो’ या वाक्याला प्रतिष्ठा मिळते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा या बाबतीत किती नेमका विचार करतो ते पाहा. न्यायदंडाधिकारी कलम १४ खाली समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण २००६ च्या नियमांनुसार त्या समुपदेशनात हिंसा करणाऱ्याला आपल्या हिंसेचे समर्थन मांडू दिले जात नाही, आणि हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळवणे हा त्या समुपदेशनाचा हेतू असतो. सासरचे सुचवत आहेत त्यात मात्र हमी मागितली आहे ती तुमच्या बहिणीकडून, तीही गप्प राहण्याची.

बहिणीने एकटीने मात्र समुपदेशकांना भेटावे, आणि तेही विनामूल्य होऊ शकते. ‘सखी वन स्टॉप सेंटर’ ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याच्या केंद्रात समुपदेशन, वैद्यकीय मदत, कायद्याचा सल्ला आणि गरज पडल्यास काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळावा, असा तिचा हेतू आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवरून तेथपर्यंत पोहोचता येते. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारीही असतात. ते बहिणीचे म्हणणे लिहून घेऊन घरगुती घटनेचा अहवाल तयार करतात आणि न्यायालयात अर्ज करायला मदत करतात. त्या अर्जावर मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश आणि खर्चाची रक्कम मागता येते. कायद्यात पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी असे म्हटले आहे. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळेल, कारण स्त्री म्हणून तिला उत्पन्नाची अट लागू नाही. हा अर्ज म्हणजे घटस्फोट नव्हे. संसार मोडण्याची भीती तिला वाटत असेल तर हे तिला नीट समजावून सांगा.

नवऱ्याच्या दारूचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच हाताळला पाहिजे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, सिव्हिलच्या मानसोपचार विभागात उपचारांची चौकशी करता येईल, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना तर शुल्कच नसते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ या नावाचे वेगळे गट असतात. तेथे बहिणीला आपल्यासारख्याच स्त्रिया भेटतील. परंतु ‘दारू सुटली की मारहाण सुटेल’ असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. दारू पिऊन तो रस्त्यावरच्या माणसाला किंवा मुकादमाला मारत नसेल आणि फक्त बायकोलाच मारत असेल, तर मारणे हा दारूचा निर्णय नाही, त्याचा स्वतःचा आहे. पुढे कधी त्याने व्यसनावर उपचार घेतले, बराच काळ हात उगारला नाही, आणि बहिणीला स्वतःहून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, एकत्र बोलावेसे वाटले, तर त्या वेळी एकत्र समुपदेशनाचा विचार जरूर करावा.

आता तुम्ही काय करायचे ते सांगते. प्लास्टर घातले त्या वेळचे कागद, क्ष-किरण चित्र आणि औषधांची चिठ्ठी तुमच्या घरी आणून ठेवा. पुन्हा मार लागला तर सिव्हिलला नेऊन तेथे हा मार नवऱ्याने मारल्याचा आहे असे स्पष्ट सांगा, ‘जिन्यावरून पडले’ असे सांगू नका, म्हणजे तशी वैद्यकीय-कायदेशीर नोंद होईल. बहिणीचे आणि मुलांचे आधार कार्ड, शाळेचे दाखले, बँकेचे पासबुक, थोडी रोकड आणि एक कपड्यांचा जोड तुमच्याकडे असू द्या. शेजारच्या एखाद्या विश्वासू बाईला सांगून ठेवा की आरडाओरडा ऐकू आला तर ११२ वर फोन करायचा, आधी विचारायला यायचे नाही. आणि बहिणीला आजच सांगा की रात्री कितीही वाजता आलीस तरी आमचे दार उघडे आहे, आणि परत जा असे येथे कोणी तुला म्हणणार नाही. हे तुमच्या घरातील सर्वांशी आधी बोलून, त्यांचा होकार घेऊन मगच सांगा.